काठावरचे उस्ताद

भूमच्या पेठेत ज्याला ज्याला पोहता येतं त्याला विचारून बघा, बाबा रे, तुला कुणी शिकवलं? तो छाती पुढं काढून सांगेल, "महालिंगप्पा उस्तादांनी!" आणि खुद्द महालिंगप्पांना पोहता येतं का, असं विचारलंत, तर तो तुम्हाला वेड्यात काढेल. मीही काढलं असतं. पण दोन उन्हाळ्यांमागं आखितीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, अलीकडं जे काही घडलं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि जे पाहायला मिळालं नाही ते भिंतीला कान लावून ऐकलं.

भिंत म्हणजे आमची आणि त्यांची एकच. पलीकडं त्यांचं किराणा-भुसाराचं दुकान आणि मागं घर. महालिंगप्पा दिसायला कसे? पोट नगाऱ्याएवढं आणि त्याखाली पाय बगळ्याचे. घडवणाऱ्यानं घाईगर्दीत दोन वेगळ्याच माणसांचे अर्धे भाग जोडून दिले असावेत. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात पांढऱ्या कापडात बांधलेलं लिंग, खांद्यावर उपरणं. आणि आवाज! गादीवर बसून ते मिरचीचा भाव सांगायचे, तर तिकडं तहसील कचेरीत पेंगणारा शिपाई दचकून उभा राहायचा आणि समोर कुणी नसताना सलाम ठोकायचा.

उन्हाळा लागला की पेठेतली पोरं त्यांच्या दुकानापुढं जमायची. पहिली शिकवणी दुकानातच. तुरीच्या भरल्या पोत्यावर पोराला पालथं घालायचं, हातपाय दोन्हीकडून मोकळे सोडायचे, आणि महालिंगप्पा एका हातानं गिऱ्हाइकाची साखर तोलत गादीवरून हुकूम सोडायचे, "हात पुढं! आता फाड पाणी! पाय बेडकावानी! मान वर धर की लेका, न्हायतर उद्या पाणी पिशील आन् तुझी आय माझ्या नावानं बोंबलंल!" गिऱ्हाईक तराजूकडं बघायचं सोडून पोराकडं बघत राहायचं. साखर पुरती भरायची की नाही, ते त्यांच्या महादेवाला ठाऊक.

पोत्यावर हात बसला की मग गावाबाहेरची बारव. तिला एका अंगानं दगडी पायऱ्या आणि समोरच्या अंगाला पूर्वी मोट चालायची तो उंच काठ. पोराच्या पाठीला वाळका भोपळा बांधून त्याला पाण्यात सोडायचं आणि महालिंगप्पांनी पायरीवर उभं राहून ओरडायचं. "डावा पाय आळशी हाय तुझा!" "दम कोंडू नको, बाहेर टाक!" त्यांचं शिकवणं खोटं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो. कुणाचा खांदा वाकडा पडतो, कोण कशाला भितं, हे त्यांना काठावरून जसं दिसायचं तसं पाण्यातल्या माणसाला दिसत नसे. आणि त्यांचं ऐकून पोरं खरोखर तरायची.

ते स्वतः मात्र शेवटच्या कोरड्या पायरीखाली कधी उतरले नाहीत. सकाळी कुणी म्हटलं, "उस्ताद, या की पाण्यात," तर म्हणायचे, "पूजा झालीय." संध्याकाळी म्हटलं, तर "पूजा व्हायचीय."

आता आमच्या बारवेवरची एक रीत सांगितली पाहिजे, कारण सगळा घोटाळा तिनंच केला. पोर तयार झालं की आखितीला त्याचा भोपळा सुटतो. त्याच दिवशी बसवजयंती. पालखी फिरून आली की पेठ बारवेवर लोटते. उंच काठावर उस्तादानं पोराच्या पाठीची गाठ सोडायची, आणि मग बापानं पोराचा हात धरून त्याच्यासंगं उडी घ्यायची. संगं बाप आहे म्हटल्यावर पोराला भ्यायचं कारण उरत नाही. पाण्यात गेल्यावर हात सोडायचा आणि पोरानं एकट्यानं पायरी गाठायची. इतकी वर्षं गाठ महालिंगप्पा सोडायचे आणि उडी ज्याच्या त्याच्या बापाच्या वाट्याला. कुठं काही अडलं नाही.

मग त्यांची महादेवी मोठी झाली.

महादेवी त्यांची उशिरा झालेली, एकुलती एक. दहाएक वर्षांची असेल तेव्हा. आवाज बापाचा, धाडस आईचं. तिनं हट्ट धरला, मलाही भोपळा बांधा. पेठेतल्या काही म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली, पोरीच्या जातीला हे काय म्हणून. तशी तिची आई, गंगम्मा, ओट्यावर येऊन कडाडली, "आमच्या बोरीच्या काठाला पोरी चालायच्या आधी पवत्यात! आन् हिचा बाप येवढा उस्ताद असून ही कोरडी ऱ्हाणार व्हय?"

गंगम्मा नळदुर्गाकडची, बोरी नदीच्या काठची. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. हिचं लग्न ठरलं तेच मुळी पोहण्यावर. तिच्या वडलांना कुणी तरी सांगितलं होतं, भूमचा मुलगा गावाला पोहायला शिकवतो. म्हातारा खूश. म्हणाला, पाण्यातला माणूस आहे, पोरगी सुखात राहील. तेव्हापासून महालिंगप्पांची सासुरवाडी म्हणजे त्यांच्या जिवाला घोर. दर खेपेला मेहुणे म्हणणार, दाजी, चला नदीवर. दर खेपेला दाजींना कधी सर्दी, कधी पाठीत उसण. एकदा तर सगळी कारणं संपली तेव्हा सांगून बसले, "मला सुतक हाय." आता यांच्या लिंगायतांत सुतक पाळतच नाहीत! सासरे तोंडाकडं बघत राहिले. पण जावई पडले, बोलणार कोण?

तर महादेवी पोत्यावर पालथी पडली आणि उन्हाळा निम्मा व्हायच्या आत बारवेत मासोळीसारखी फिरायला लागली. पाठीवर भोपळा, काठावर बाप. "पाय, म्हादे, पाय! शाब्बास! आता कूस बदल!" बाप असा ओरडायचा की पारव्यांनी बारवेतली घरटी सोडली.

एके दिवशी मध्यावर भोपळ्याची दोरी ढिली पडली. भोपळा एकीकडं, पोरगी एकीकडं. बारवेवर दुसरं कुणी नव्हतं. महादेवीनं दोन गटांगळ्या खाल्ल्या, वर आली आणि बापाकडं बघितलं. महालिंगप्पा त्या कोरड्या पायरीवर खिळल्यासारखे उभे. हात पुढं केलेले, उपरणं फेकायला काढलेलं, तोंडानं एकसारखं, "मान वर! हात पुढं! माझ्याकडं बघ! फाड पाणी!" पण पाय काही उचलेनात. पोरीनं त्यांचं ऐकलं, हात मारले आणि पायरी गाठली. भोपळ्याशिवाय! महालिंगप्पांनी तिला उराशी धरलं तेव्हा पाण्यातून आलेल्या पोरीपेक्षा तेच जास्त ओले झाले होते, घामानं.

घरी येताना तिनं विचारलं, "आप्पा, तुमाला पवता येत न्हाय व्हय?"

"कुणी सांगितलं तुला?"

"तुमच्या पायांनी सांगितलं."

हे सगळं पुढं महादेवीनंच मला सांगितलं, म्हणून मी सांगू शकतो. महालिंगप्पा वाटेतल्या लिंबाखाली बसले आणि लेकीपुढं सगळं ओकून मोकळे झाले. ते मूळचे वरच्या माळावरच्या एका गावचे. तिथं उन्हाळ्यात विहिरीत घागर बुडायची मारामार, पोहणार कुठं? पेठेत आले तेव्हा पोरसवदा होते. एकदा बारवेत एक पोरगा गडबडला, हे काठावरून ओरडले, मान वर धर, हात मार, आणि तो वाचला. लोक म्हणाले, वा उस्ताद! "त्या दिवशी सांगायला पायजे व्हतं, म्हादे. पण लोकांनी पगडी घातली, आन् ती मला बरी दिसली." काठावर उभं राहून शिकवायला काही वाटत नसे; पण पाण्यात पाय घालायचा म्हटलं की पाऊल पायरीलाच चिकटायचं.

"मग आखितीला उडी कोण मारणार?" महादेवीनं विचारलं.

"बघू. तुझ्या आयला सांगू, माझी पाठ धरलीय."

दोघं घरी आले तर गंगम्मा दारातच उभी.  "आवं, भूमच्या बाजाराला आमच्याकडचा मानूस आलता, त्याच्याजवळ म्या ईरण्णाला सांगावा धाडला! आखितीला ये म्हनलं, तुझे दाजी आन् तुझी भाची संगं उडी मारणार हायती! समद्यांना घेऊन ये म्हनलं!"

महालिंगप्पा तिथंच उंबऱ्यावर बसले. गंगम्माला वाटलं, ऊन लागलं. तिनं कांदा फोडून नाकाला लावला.

दुसऱ्या दिवसापासून भिंतीपलीकडून चमत्कारिक आवाज सुरू झाले. दुपारी दुकानाच्या फळ्या लागलेल्या, गंगम्मा शेजारी शेवया करायला गेलेली, आणि आतून धप्प, सुं सुं, धप्प, सुं सुं. मध्येच पोरीचा आवाज, "पाय! आप्पा, पाय! बेडकावानी म्हनलं, म्हशीवानी न्हाय!" आमच्या घरात म्हणणं पडलं, महालिंगप्पा लेव्हीच्या, म्हणजे सरकारी धान्यवसुलीच्या, भीतीनं धान्याची पोती लपवतायत. मी म्हटलं, पोती लपवताना कुणी पोत्याला आप्पा म्हणत नाही.

मग पुढं आला डबा. ते लढाईचे दिवस. रॉकेलचा थेंब मिळेना, रिकाम्या डब्यालाही मागणी. आणि महालिंगप्पांनी एक चांगला डबा डाख लावणाऱ्याकडं नेऊन त्याचं तोंड पक्कं बंद करून आणला. मी विचारलं, "काय ठेवणार ह्याच्यात?"

"तूरडाळ."

"आन् काढणार कुठून?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पुढचा प्रश्न गिळला. पण प्रश्न पोटात गेल्यावर तो काही गप्प बसत नाही.

एका पहाटे मी तांब्या घेऊन माळाकडं निघालो होतो. सिदू धनगराच्या विहिरीच्या अंगानं मला तोच आवाज आला, "पाय! पाय!" मी तांब्या बांधावर ठेवला आणि डोकावलो. देवाशपथ सांगतो, त्या दिवशी मी पुढं कशाला निघालो होतो तेच विसरलो. सिदूची विहीर उथळ, एका अंगानं कडा ढासळून उतार झालेला. तिथं तो मेंढरं धुवायचा. त्या उतारावर महादेवी कमरेवर हात ठेवून उभी. आणि पाण्यात पाठीला रॉकेलचा डबा बांधलेले महालिंगप्पा! डबा वर, पोट खाली, आणि दोघांच्या मध्ये ते स्वतः गोल गोल फिरतायत.

"मान वर! माझ्याकडं बघा! दम कोंडू नका, बाहेर टाका!"

"आगं म्हादे, बाहेर टाकला की पानी आत येतंय!"

"तोंड मिटा मग! बोलायला कुणी सांगितलंय? पान्यात बोलायचं न्हाय, असं तुमीच म्हनताव की मला!"

"म्या वरनं म्हनत व्हतो गं! वरनं समदं सोपं दिसतंय!"

सिदू काठीवर रेलून बघत होता. मला म्हणाला, "श्रीमंतराव, माझी मेंढरं येवढी वरडत न्हाईत. मेंढराला एकदा ढकलून दिलं की ते गपगुमान पलीकडं जातंय."

मला हसू आवरेना. त्या हसण्यानं महालिंगप्पांचं लक्ष गेलं आणि ते डब्यासकट उलटे झाले. महादेवीनं उडी घेतली, त्यांचा दंड धरला आणि उतारावर ओढून आणलं. दम घेतल्यावर ते मला म्हणाले, "श्रीमंता, पेठेत एक शबूद बोललास तर तुला ह्याच पान्यात बुडवीन!"

"बुडवा. पण मला बुडवायला तुमाला माझ्याच खांद्याला धरून यावं लागंल."

महादेवी मात्र हसली नाही. माझ्यासमोर येऊन म्हणाली, "काका, हसा किती बी. पन सांगू नका. आप्पा शिकायलेत." आता मी पेठेतला बोलका माणूस, माझ्या तोंडात तीळही भिजत नाही. पण त्या पोरीनं बापाची अशी काही बाजू घेतली, की मी सांगितलं नाही. घरीसुद्धा नाही.

त्या दिवसापासून मी रोज पहाटे त्या बाजूला जायला लागलो. गंमत बघायला म्हणून जायचो आणि कधी मीच ओरडायला लागलो, कळलं नाही. महालिंगप्पा हलायला लागले! आधी डब्यासकट उतारावरून समोरच्या कडेपर्यंत. मग महादेवीनं डब्याची दोरी लांब केली. मग एक दिवस न सांगता सोडलीच. महालिंगप्पा निम्म्यावर गेले, डबा आपल्यामागं तरंगतोय हे त्यांनी बघितलं, "मेलो!" म्हणून किंचाळले, आणि किंचाळत किंचाळत पलीकडं पोचले. तिथं कडेला धरून ते इकडं वळून बघत राहिले. जणू दुसराच कुणी माणूस पाणी तुडवून आला होता. महादेवी उतारावर नाचत होती. सिदूनं पटका हवेत उडवला. मेंढरं घाबरून पांगली.

पण उडी काही जमेना. सिदूच्या विहिरीची कडा पुरुषभर उंच नाही, तरी तिथं उभं राहिलं की महालिंगप्पा मटकन खाली बसायचे. महादेवीनं गोडीनं सांगितलं, दटावलं, रुसून बघितलं. आखितीच्या आदल्या पहाटेही ते बसलेच. आणि बारवेचा काठ त्याच्या तिप्पट उंच.

"आप्पा, उद्या काय करायचं?"

"उद्या बसवण्णा बघून घील," महालिंगप्पा म्हणाले. पण बसवण्णालाही आधी यांनी उडी मारल्याशिवाय काही करता येणार नव्हतं.

त्याच सांजेला मेहुणा ईरण्णा आला, निजाम सरकारच्या सर्विस मोटारीनं, बायकापोरांसकट. पैलवानी खांदे, मिशीला पीळ. आल्या आल्या त्यानं दाजींच्या पाठीवर अशी थाप मारली की दाजी खोकत बसले. "दाजी, इतकी वर्सं तुमी हुलकावणी दिलीत. उद्या डोळे भरून बघणार!"

आखितीचा दिवस उजाडला. पालखी फिरली, हलगी कडाडली, आणि पेठ बारवेवर लोटली. पायऱ्यांवर बायका, काठानं पुरुष, लिंबाच्या फांद्यांवर पोरं. गंगम्मा लग्नातलं लुगडं नेसून सगळ्यांत खालच्या पायरीवर, माहेरच्या बायकांना घेऊन. जो भेटेल त्याला सांगत होती, "आमच्यांची उडी कुणीच बघितली न्हाय अजून! आज बघा!" मी उंच काठावर महालिंगप्पांच्या अगदी पाठीशी जागा धरली होती. तिथनं मला त्यांच्या मानेवरचा घाम दिसत होता.

आधी दोघा पोरांचे भोपळे सुटले. महालिंगप्पांनी गाठी सोडल्या, बापांनी उड्या घेतल्या, हलगी वाजली. मग महादेवी पुढं आली. परकराचा काचा घट्ट मारलेला, गळ्यातलं लिंग कापडासकट छातीशी आवळून बांधलेलं. महालिंगप्पांनीही तसंच बांधलं. मग तिची गाठ सोडायला घेतली. पण गाठ सुटायच्या ऐवजी आणखी आवळली. शेवटी सुटली एकदाची. भोपळा त्यांनी बाजूला ठेवला आणि कडेला येऊन खाली बघितलं.

बघायला नको होतं. त्यांनी एक हात जमिनीकडं नेला. आता बसणार, असं मला वाटलं. खालून गंगम्मा तिच्या बोलीत ओरडली, "बेग! बेग!" म्हणजे लवकर, लवकर. हलगीवाल्यानं ताल चढवला. महालिंगप्पा तसेच.

ईरण्णाला काय वाटलं कुणास ठाऊक, तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, "दाजी, काय व्हतंय? तब्येत बरी न्हाय का? बाप न्हाय तर मामा. मी मारतो भाचीसंगं उडी. लोकांना सांगू, उसण भरली."

सुटकेचं दार सताड उघडलं होतं! अब्रू शाबूत, उस्तादकी शाबूत, सासुरवाडी खूश. त्यांनी फक्त मान हलवायची होती.  महालिंगप्पांनी ईरण्णाकडं बघितलं, मग महादेवीकडं.  पोरीनं हात पुढं केला होता, तो तिनं मागं घेतला नाही.

"न्हाय," महालिंगप्पा म्हणाले. "भोपळा म्या बांधला. संगं जाणार बी म्याच." आणि मग अगदी हळू, मला जेमतेम ऐकू येईल असं, "पर म्हादे, पाय उचलना झालेत गं."

महादेवी म्हणाली, "आप्पा, तुमी नुसतं काठावर उभं व्हता तरी म्या तरले. आता तर म्या संगं हाय. पान्याकडं बघू नका. माझ्याकडं बघा."

त्यांनी तिचा हात धरला. तिच्याकडं बघितलं. आणि पोट, पाय, भस्म, सगळे महालिंगप्पा एकदम हवेत!

असला आवाज बारवेनं जन्मात ऐकला नसेल. पाणी उसळलं ते पायऱ्यांवरच्या बायकांच्या पदरांपर्यंत. लिंबावरची पोरं किंचाळली, हलगी थांबली. महादेवी वर आली. महालिंगप्पा नाहीत. तिनं गर्रकन फिरून बघितलं. नाहीत. ईरण्णा सदरा काढायला लागला. मी काढायला लागलो, आणि मी तर घाबरून धोतराचाच काचा सोडला. तेवढ्यात बुडबुडे आले, आणि मागोमाग महालिंगप्पांचं टक्कल!

पण सगळं विसरलेले. हात वर, तोंड उघडं, डोळे मिटलेले. आणि महादेवी सगळ्या पेठेदेखत, सासुरवाडीदेखत, बापाच्याच आवाजात ओरडली, "आप्पा, तोंड मिटा! मान वर! पाय! बेडकावानी! पाय!"

महालिंगप्पांनी तोंड मिटलं. पाय झाडले. तरंगले! डोळे उघडून बघतात तर पोरगी आपल्याकडंच तोंड करून जागच्या जागी हात मारतेय, पायरीकडं जाईचना. तसे तेही ओरडले, "तू कूस बदल! डावा खांदा वाकडा पडतोय तुझा! व्हय पुढं!"

"आधी तुमी! दम बाहेर टाका!"

"टाकायलोय की! तू पाय लांब मार!"

पाण्याच्या मध्यावर दोघं उस्ताद, दोघं चेले, एकमेकांवर खेकसत, एकमेकांकडं बघत पायरीकडं निघाले. पेठेला कळायला वेळ लागला. आधी कुणी तरी फिस्सकन हसलं. मग लिंबावरून एक पोरगं ओरडलं, "आरं, उस्तादांना पोरीनं शिकीवलंय!" मग जे हसणं उठलं! पण हसता हसताच सगळे ओरडायला लागले, "पाय, उस्ताद, पाय! मान वर!" ज्यांना ज्यांना त्यांनी पोत्यावर पालथं घातलं होतं ते सगळे, आता मिशा फुटलेले, काठावरून त्यांनाच हुकूम सोडत होते. हलगीवाल्यानं तर तालच तसा धरला. गंगम्मा लुगड्यासकट गुडघाभर पाण्यात उतरली, हात पुढं करून, "अंजब्याड! अंजब्याड!" भिऊ नका, भिऊ नका.

महादेवीनं आधी पायरी गाठली. मागोमाग महालिंगप्पांनी बायकोचे हात गाठले आणि पायरीवर फतकल मारून धापा टाकत बसले. सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. आता गंगम्मा काय म्हणणार?

गंगम्मानं त्यांचं तोंड पदरानं पुसलं, डोळ्यांत बघितलं आणि म्हणाली, "म्हंजे त्या साली मला सुतक हाय म्हनलाव, ते खोटं व्हतं?"

"पानी लई खोल व्हतं गं," महालिंगप्पा म्हणाले.

"बोरीला उनाळ्यात गुडघाभर पानी असतंय!"

ईरण्णा काठावर पोट धरून बसला. गंगम्मा रागानं लाल झाली, मग तोंड फिरवून हसायला लागली, ती इतकी की माहेरच्या बायकांनी तिला धरली. महालिंगप्पा उठले. मला वाटलं, आता खाली मान घालून घरी जाणार आणि उद्यापासून दुकानाची एकच फळी उघडणार. कसलं काय! ते निथळत पायऱ्या चढले, भरभर, त्या पायांनी ते इतके भरभर चालताना मी कधी बघितले नव्हते, आणि बारवेला वळसा घालून पुन्हा त्याच उंच काठावर! मागं महादेवी धावत.

"सरका! सरका की, श्रीमंता! वाट दे!"

"आवं, झालं की आता! भोपळा सुटला पोरीचा!"

"पोरीचा सुटला. माझा सुटायचाय!"

आणि पुन्हा धडाम! आणि पुन्हा. तिसऱ्या खेपेला ईरण्णाही मध्ये पडला, चौथ्या खेपेला कोण कुणाचा बाप आणि कोण कुणाचं पोर, ते कळेना, सगळी पेठ पाण्यात. ऊन कलायला लागलं. घरी पुरणपोळ्या, त्यांच्या भाषेत होळग्या, गार होत होत्या. गंगम्मा काठावर उभी राहून घसा फोडत होती, "आवं, निघा आता! पाव्हणे उपाशी हायती!"

"पाव्हणे हितंच हायती! मला काय सांगतीस, माझ्या उस्तादाला इचार!" महालिंगप्पा पाण्यातून ओरडले.

उस्ताद काठावर उभी होती, कमरेवर हात ठेवून, ओठ निळे पडलेले, केस गालांना चिकटलेले. तिनं आईकडं बघितलं, बापाकडं बघितलं, आणि बापाच्याच आवाजात, तहसिलीतला शिपाई उठून उभा राहील अशी, गरजली, "अजून एक! आन् ह्या खेपंला डोळे उघडे ठेवून!"

महालिंगप्पा मुकाट्यानं पायऱ्या चढायला लागले.